स्किपिओ घराण्यातली माणसं ओळखायची असतील तर नाती मराठीत लावून बघा

इतिहासात एमए करणाऱ्या एका मुलीने विचारलंय की रोमन इतिहासात सारखा स्किपिओ येतो, कुठे तो कार्थेजचा सेनापती हॅनिबलला हरवतो, कुठे उत्तर आफ्रिकेतलं ते कार्थेज शहरच जाळतो, कुठे रोममध्येच कुणाला तरी ठार मारतो आणि पुढे सीझरशी पण लढतो, मग हा एकच माणूस आहे का, आणि नसेल तर या घराण्यातले महत्त्वाचे लोक कोण आणि ते लक्षात कसे ठेवायचे.

मी प्राचीन जगाचा इतिहास शिकवतोय त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली आणि हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो म्हणजे धीर येईल. इ.स.पू. पहिल्या शतकात मेटेलस स्किपिओ नावाचा याच घराण्यातला एक मोठा माणूस होता, त्याने कॅपिटोल टेकडीवर आपल्या पूर्वजांचे सोन्याचा मुलामा दिलेले अश्वारूढ पुतळे उभे केले. प्रसिद्ध वक्ता सिसेरोने ते पाहिले तर एका पुतळ्याखाली नाव होतं सेरापिओ या एका स्किपिओचं आणि पुतळा होता दुसऱ्याच स्किपिओचा, हॅनिबलला हरवणाऱ्या आफ्रिकानसचा. सिसेरो आपल्या मित्राला पत्रात लिहितो की मला आधी वाटलं कारागिराची चूक असेल, आता कळतंय की चूक खुद्द मेटेलसची आहे, त्याला स्वतःच्या पणजोबांची माहिती नाही. म्हणजे घरच्याच माणसाचा गोंधळ झाला होता, तर दोन हजार वर्षांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्याचा होणारच.

गोंधळाचं मूळ नावांच्या पद्धतीत आहे, ते पाच मिनिटं समजून घे, पुढचं सोपं जातं. पब्लिअस कॉर्नेलिअस स्किपिओ या नावात पब्लिअस हे पाळण्यातलं नाव, कॉर्नेलिअस हे कुळ, स्किपिओ ही त्या कुळातली शाखा. आपल्याकडे एका कुळात अनेक आडनावं असतात ना, साधारण तसंच. सुला, सिना, लेंटुलस, डोलाबेला हे सगळे पण कॉर्नेलिअस कुळातलेच, पण शाखा वेगळ्या. स्किपिओ म्हणजे काठी, आणि जुनी कथा अशी की कुणीतरी कॉर्नेलिअस आपल्या आंधळ्या वडिलांना हाताला धरून न्यायचा, त्यांची काठी झाला, म्हणून हे नाव पडलं. आता अडचण अशी की पाळण्यातली नावं रोममध्ये फारच थोडी, आणि या घरात तर मुख्यतः तीनच फिरत राहतात, पब्लिअस, ल्युशिअस आणि ग्नेअस, बापाचं मुलाला, आजोबाचं नातवाला. मुलींची तर त्याहून वाईट अवस्था, कॉर्नेलिअसची मुलगी म्हणून कॉर्नेलिया, दोन असल्या तर थोरली कॉर्नेलिया आणि धाकटी कॉर्नेलिया, वेगळं नावच नाही.

म्हणून मग टोपणनावं जोडायची. दाढीवाला तो बार्बाटस, टक्कल असलेला तो काल्वस, टोकदार नाकाचा तो नासिका, आणि ही टोपणनावं पुढे पोराबाळांना पण चिकटत गेली. मुलूख जिंकला तर त्या मुलुखाचं नाव, आफ्रिकानस, एशियाटिकस. आणि दत्तक गेलेला मुलगा नव्या घराचं पूर्ण नाव घ्यायचा पण जन्माच्या कुळाची खूण मागे शेपटासारखी ठेवायचा, एमिलिअस कुळातून आला म्हणून एमिलिआनस. आपल्याकडे दत्तक गेलं की आधीचं नाव पुसलं जातं, तिथे ते जपलं जायचं, हे लक्षात ठेव कारण या घराण्याच्या गोष्टीत दत्तक फार मोठी गोष्ट आहे.

माझी स्वतःची युक्ती एकच आहे. इंग्रजी पुस्तकं वाचताना सगळे एकमेकांचे कझिन आणि ब्रदर-इन-लॉ असतात, त्यातून काहीच डोक्यात राहत नाही. मी बऱ्याच वर्षांपूर्वी हा वंशवृक्ष फळ्यावर मराठी नात्यांनी लिहिला, मावसभाऊ, आतेबहीण, मेहुणा असं, आणि मलाच पहिल्यांदा नीट दिसलं की इ.स.पू. १३३ मध्ये रोममध्ये जो रक्तपात झाला तो किती घरातला होता. तिथपर्यंत येऊच.

सुरुवात थडग्यापासून करतो. रोमच्या आपिया रस्त्यावर, आजच्या पोर्टा सान सेबास्तियानोच्या थोडं अलीकडे, या घराण्याचं जमिनीखालचं दफनस्थान आहे, मऊ दगडात खोदलेलं. १७८० मध्ये एका द्राक्षमळ्यात ते नीट सापडलं. रोमन लोक त्या काळात बहुतेक दहन करायचे पण कॉर्नेलिअस कुळात पुरायची रीत होती, ती हुकूमशहा सुलापर्यंत चालली, म्हणून तर आपल्याला या दगडी पेट्या आणि त्यांच्यावरचे लेख मिळाले. माझ्या मते या घराण्याकडे जायचा सगळ्यात चांगला दरवाजा म्हणजे हे लेख, कारण लिव्ही, प्लुटार्क हे इतिहास लिहिणारे सगळे नंतरचे, हे लेख त्या माणसांच्या घरच्यांनी स्वतः कोरून घेतलेले.

सगळ्यात जुनी पेटी ल्युशिअस कॉर्नेलिअस स्किपिओ बार्बाटसची, इ.स.पू. २९८ चा कॉन्सल, म्हणजे दर वर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. मूळ पेटी व्हॅटिकन म्युझियममध्ये आहे, थडग्यात आता प्रतिकृती ठेवलीय. मी तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा करड्या दगडावरची ती अक्षरं बोटाने हवेत गिरवत वाचली होती. लेख जुन्या लॅटिन छंदात आहे आणि त्यात म्हटलंय की हा शूर आणि शहाणा माणूस, याचं रूप याच्या गुणाला तोडीस तोड होतं, तुमच्यामध्ये हा कॉन्सल, सेन्सॉर (जनगणना बघणारा), एडाइल (शहराची व्यवस्था बघणारा) होता, याने साम्नियममधली तौरासिया आणि सिसौना घेतली, सगळा लुकानिया ताब्यात आणला आणि ओलीस आणले (हे मुलूख रोमच्या दक्षिणेला). "तुमच्यामध्ये" हा शब्द बघ, लेख वाचणाऱ्या रोमच्या लोकांशी बोलतोय. आता गंमत अशी की लिव्ही याच वर्षी याच माणसाला भलतीकडेच, उत्तरेला एट्रुरियात लढताना दाखवतो. मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो की घरच्यांनी लिहिलेलं आणि इतिहासकाराने लिहिलेलं जुळत नसेल तर घाईने कुणाला खोटं म्हणू नका, दोघं कशासाठी लिहीत होते ते आधी विचारा.

बार्बाटसची दोन मुलं महत्त्वाची. ल्युशिअस, २५९ चा कॉन्सल, याने कॉर्सिका आणि तिथलं आलेरिया शहर घेतलं आणि समुद्रात वादळातून वाचला म्हणून वादळांच्या देवतांना देऊळ बांधलं, हे पण लेखात आहे. आणि ग्नेअस, २६० चा कॉन्सल, तो लिपारा बेटावर कार्थेजच्या आरमाराच्या हाती सापडला. आसिना म्हणजे गाढवीण असं याचं टोपणनाव. पण सहा वर्षांनी, २५४ मध्ये तोच माणूस परत कॉन्सल झाला आणि त्याच मोहिमेत पानोर्मस म्हणजे आजचं पालेर्मो रोमच्या ताब्यात आलं. पकडला गेलेल्या सेनापतीला रोमने पुन्हा संधी दिली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, टोपणनावापेक्षा ती लक्षात ठेव.

त्याच थडग्यात दोन लेख असे आहेत की त्यातल्या माणसांनी काहीच केलेलं नाही, कारण त्यांना वेळच मिळाला नाही. एक वीस वर्षांचा मुलगा, त्याच्यावर लिहिलंय की गुणात हा कधी कुणाला हरला नाही, याला पद का मिळालं नाही असं विचारू नका. दुसरा कुणी पब्लिअस, ज्युपिटरचा पुजारी होता, त्याच्यावर लिहिलंय की मृत्यूने तुझं सगळंच लहान करून टाकलं, मान, कीर्ती, गुण, बुद्धी, हे सगळं वापरायला दीर्घ आयुष्य मिळालं असतं तर तू सहज पूर्वजांच्या पुढे गेला असतास, म्हणून हे पब्लिअसच्या पोरा पब्लिअस, ही भूमी तुला आनंदाने मांडीवर घेते. हे वर्गात वाचून दाखवताना माझा आवाज अजूनही बदलतो. पूर्वजांच्या पुढे जाणं हे त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलावर केवढं ओझं होतं ते या दोन ओळींत कळतं, ते समजलं तर पुढचे सगळे स्किपिओ समजतात.

आता हॅनिबलच्या काळात येऊ. इ.स.पू. २१८ ला हॅनिबल आल्प्स उतरला तेव्हा त्या वर्षीचा कॉन्सल होता पब्लिअस कॉर्नेलिअस स्किपिओ, म्हणजे आफ्रिकानसचे वडील. तिकिनस नदीजवळच्या पहिल्याच चकमकीत ते जखमी झाले आणि ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस सांगतो की सतरा वर्षांच्या मुलाने शत्रूत घोडा घालून बापाला वाचवलं. श्रेय एका गुलामाला देणारी पण एक जुनी हकिकत आहे, पण पॉलिबिअसने ही गोष्ट लेलिअसकडून ऐकली होती आणि लेलिअस हा आफ्रिकानसचा जन्माचा मित्र. पुढे हे वडील आणि त्यांचा भाऊ ग्नेअस, टक्कल असलेला म्हणून काल्वस, या दोघांनी स्पेनमध्ये कितीतरी वर्षं कार्थेजला अडकवून ठेवलं, हॅनिबलला तिकडून कुमक जाऊ दिली नाही. परीक्षेत यांना दोन मार्क पण मिळत नाहीत आणि मला ते खटकतं, कारण ती स्पेनची आघाडी टिकली नसती तर इटलीत काय झालं असतं सांगता येत नाही. २११ मध्ये त्यांनी सैन्य दोन भागात वाटलं, भाडोत्री केल्टिबेरियन सैनिक साथ सोडून गेले आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने दोघंही भाऊ मारले गेले.

मुलगा तोवर पंचविशीच्या आसपास. कॅनीच्या २१६ च्या भयंकर पराभवातून तो वाचलेला, आणि उरलेल्यांपैकी काही तरुण सरदार इटली सोडून पळायचा बेत करत होते तर त्याने त्यांच्यावर तलवार उपसून शपथ घ्यायला लावली होती. २१० मध्ये त्याला बाप-काका जिथे मेले त्याच स्पेनमध्ये पाठवलं, त्याआधी त्याने एडाइलपलीकडचं कुठलंही पद भूषवलेलं नव्हतं, हे रोमच्या रीतीत बसणारं नव्हतं. गेल्या गेल्या २०९ मध्ये त्याने कार्थेजचं स्पेनमधलं मुख्य ठाणं, आजचं कार्टाहेना, घेतलं. शहराच्या एका बाजूला खाजण होतं आणि संध्याकाळी तिथलं पाणी उतरतं हे त्याने कोळ्यांकडून आधीच काढून ठेवलं होतं, सैनिकांना मात्र सांगितलं की समुद्रदेव नेपच्यून मदत करणार आहे. पाणी उतरलं, शिड्या लागल्या, शहर पडलं. या एका प्रसंगात सगळा आफ्रिकानस आहे, बारकाईने माहिती काढायची आणि लोकांच्या श्रद्धेला पण सोबत घ्यायचं. पॉलिबिअसला त्यातला फक्त हिशोबी भाग खरा वाटतो, मला वाटतं त्याचा स्वतःचाही देवावर विश्वास होता, नाहीतर माणसं अशी वर्षानुवर्षं मागे येत नाहीत.

२०६ मध्ये इलिपाची लढाई आणि स्पेन संपलं, २०५ ला कॉन्सल, मग सिसिली, २०४ ला आफ्रिकेत उतरला, २०३ मध्ये रात्री शत्रूच्या दोन छावण्या जाळून टाकल्या (लाकूड आणि गवताच्या झोपड्या होत्या त्या, हजारो माणसं झोपेत जळाली, हे पण वाचायला पाहिजे, नुसतं कौतुक नको), आणि २०२ मध्ये झामा. हॅनिबलकडे ऐंशीच्या वर हत्ती होते, आफ्रिकानसने आपल्या तुकड्यांच्या मध्ये सरळ गल्ल्या मोकळ्या ठेवल्या, हत्ती त्यातून निघून गेले किंवा आवाजाने बिथरून उलटे फिरले, आणि शेवटी रोमच्या बाजूने लढणाऱ्या मासिनिसा राजाचं न्युमिडियन घोडदळ आणि लेलिअसचं घोडदळ मागून येऊन आदळलं तेव्हा लढाई फिरली. तहात कार्थेजला ५० वर्षांत १०,००० टॅलेंट (टॅलेंट हे वजनाचं जुनं माप) चांदी, फक्त दहा लढाऊ जहाजं ठेवायची परवानगी आणि रोमला विचारल्याशिवाय युद्ध नाही ही अट. शहर मात्र त्याने राहू दिलं, हे विसरू नकोस.

यानंतरचं त्याचं आयुष्य मला जास्त शिकवतं. धाकटा भाऊ ल्युशिअस १९० मध्ये कॉन्सल झाला, सिरियाच्या अँटिओकस राजाविरुद्ध आशियात गेला तेव्हा आफ्रिकानस त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून गेला, जगातला सगळ्यात मोठा सेनापती धाकट्या भावाच्या हाताखाली. मॅग्नेशियाच्या लढाईच्या दिवशी तो आजारी होता, विजय ल्युशिअसच्या नावावर, म्हणून तो एशियाटिकस. पण रोममध्ये परतल्यावर त्याचा राजकीय विरोधक केटो आणि त्याच्या लोकांनी अँटिओकसकडून आलेल्या पैशाचा हिशोब मागितला. आफ्रिकानसने हिशोबाची वही सिनेटमध्ये आणून सगळ्यांसमोर फाडली आणि विचारलं की याचा हिशोब मागताय, पण खजिन्यात १५,००० टॅलेंट कुणामुळे येतायत ते नाही विचारत. लिव्हीकडे अशी हकिकत आहे की खटल्याच्या दिवशीच झामाच्या विजयाची तिथी होती, तर तो म्हणाला आज देवांचे आभार मानायचा दिवस आहे, आणि सगळी गर्दी त्याच्यामागे कॅपिटोलवर गेली, आरोप करणारे जागेवर एकटे राहिले.

मी त्याचा मोठा चाहता आहे, तरी इथे मला केटोची बाजू पण पटते. प्रजासत्ताकात कुणीही हिशोबाच्या वर नसतो, आणि वही फाडणं हे उत्तर नव्हे. पुढच्या शंभर वर्षांत ज्या सेनापतींनी रोमचे कायदे धाब्यावर बसवले त्यांची वाट इथून थोडीशी सुरू होते असं मला वाटतं, त्याचा तसा हेतू नसला तरी. तो मग नेपल्सच्या वरच्या किनाऱ्यावर लिटर्नमला निघून गेला आणि १८३ च्या सुमारास तिथेच वारला. कृतघ्न मायदेशाला माझी हाडं पण मिळणार नाहीत असं त्याने थडग्यावर लिहायला सांगितलं ही कथा पुढे सांगितली जायची. तत्त्वज्ञ सेनेकाने सुमारे अडीचशे वर्षांनी ते घर पाहिलं, त्याला सगळ्यात जास्त काय भावलं तर तिथलं छोटंसं अंधारं न्हाणीघर, ज्या माणसाला कार्थेज घाबरायचं तो शेतात काम करून इथे अंग धुवायचा असं तो लिहितो.

नासिका शाखा आता. ही टक्कलवाल्या काल्वसच्या मुलाची, म्हणजे आफ्रिकानसच्या चुलतभावाची. पहिला नासिका २०४ मध्ये अगदी तरुण होता तेव्हा रोमने आशियातल्या पेसिनसहून महामाता या देवीचा काळा पाषाण आणला, तो स्वीकारायला रोममधला सगळ्यात सज्जन माणूस हवा असं दैवी वचन होतं आणि सिनेटने याला निवडलं. याचा मुलगा नासिका कॉर्कुलम, म्हणजे छोटं हृदय, रोमन लोक बुद्धी हृदयात मानायचे म्हणून ते शहाण्या माणसाचं लाडकं नाव. १५९ मध्ये रोमला पहिलं पाण्याचं घड्याळ यानेच दिलं, ढगाळ दिवशी आणि रात्री पण वेळ कळायला लागली. आणि केटो प्रत्येक भाषण कार्थेज नष्ट करा असं म्हणून संपवायचा तेव्हा हा माणूस उठून कार्थेज राहू द्या असं म्हणायचा, कारण समोर कुणाचा धाक उरला नाही तर रोमन आपसातच लढतील असं त्याचं म्हणणं. मला विचारशील तर अख्ख्या घराण्यात राजकीय डोकं सगळ्यात चांगलं याचं.

आता नाती लाव. आफ्रिकानसची बायको एमिलिया, तिचा भाऊ एमिलिअस पॉलस. आफ्रिकानसला दोन मुलगे आणि दोन मुली. थोरली कॉर्नेलिया या कॉर्कुलमला दिली, दोघांचे वडील चुलतभाऊ, म्हणजे आपल्याकडे सगोत्र म्हणून जमलंच नसतं. त्यांचा मुलगा नासिका सेरापिओ. धाकटी कॉर्नेलिया टायबेरिअस सेम्प्रोनिअस ग्रॅकसला दिली, त्यांची मुलं म्हणजे प्रसिद्ध टायबेरिअस आणि गायस ग्रॅकस आणि मुलगी सेम्प्रोनिया. म्हणजे सेरापिओ आणि ग्रॅकस बंधू हे सख्खे मावसभाऊ. आफ्रिकानसचा थोरला मुलगा पब्लिअस तब्येतीने कायम अशक्त, त्याला मूल नव्हतं, त्याने आपल्या मामाचा, म्हणजे पॉलसचा मुलगा दत्तक घेतला, तोच स्किपिओ एमिलिआनस. आणि या एमिलिआनसचं लग्न सेम्प्रोनियाशी. आता बघ, धाकटी कॉर्नेलिया ही एमिलिआनसची जन्माने आतेबहीण, दत्तकाने आत्या आणि लग्नाने सासू. एका माणसाला एका बाईशी तीन नाती, हे कझिन आणि आँटीने कळणारच नाही.

पॉलसची गोष्ट थोडी थांबून सांगतो. त्याने दोन थोरले मुलगे दत्तक दिले, एक फेबिअस घराण्यात आणि एक स्किपिओंकडे, आणि दोन धाकटे घरचं नाव चालवायला स्वतःकडे ठेवले. १६७ मध्ये त्याची मॅसिडोनियावरची विजय मिरवणूक निघाली, त्याच्या पाच दिवस आधी एक गेला, चौदा वर्षांचा, आणि मिरवणुकीनंतर तीन दिवसांनी दुसरा, बारा वर्षांचा.

एमिलिआनस साधारण अठरा वर्षांचा असताना पॉलिबिअसकडे लाजत तक्रार करतो की तुम्ही सगळं माझ्या भावाशीच बोलता, माझ्याकडे बघत नाही, लोक मला मंद समजतात, म्हणतात या घराला असा माणूस शोभत नाही. तिथून त्या दोघांची मैत्री. आणि १६२ मध्ये त्याची दत्तक आजी एमिलिया, म्हणजे जन्माची आत्या, वारली तेव्हा तिचे दागिने, गाडी, नोकर सगळं त्याने आपल्या सख्ख्या आईला दिलं, पॉलसने जिला कधीच सोडचिठ्ठी दिली होती आणि जी पैशाअभावी समारंभांना जात नव्हती. शिवाय दोन्ही आत्यांच्या हुंड्यातले प्रत्येकी २५ टॅलेंट देणं बाकी होतं, कायद्याने तीन वर्षांची मुदत होती, याने दहा महिन्यांत सगळं चुकतं केलं. दोघींचे नवरे सावकाराकडे जाऊन विचारायला लागले की काही चूक तर झाली नाही ना, कारण रोममध्ये मुदतीच्या आधी कुणी एक पैसा देत नसे. सेनापती म्हणून तो मोठा होताच, पण मला हा एमिलिआनस जवळचा वाटतो.

मग तोच माणूस १४७ मध्ये वय बसत नसताना कॉन्सल झाला आणि १४६ मध्ये कार्थेज जमीनदोस्त केलं. आजोबांनी राखलेलं शहर नातवाने जाळलं. सुमारे पन्नास हजार माणसं शरण आली आणि गुलाम म्हणून विकली गेली. शहर जळताना तो रडला, होमरच्या ट्रॉयच्या नाशाच्या ओळी म्हणाला, आणि शेजारी उभ्या पॉलिबिअसचा हात धरून म्हणाला की एक दिवस माझ्या शहराबद्दल पण हे कुणीतरी म्हणेल. ते अश्रू खरे होते असं मी मानतो, पण हुकूम पण त्याचाच होता. दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवणं अवघड जातं, वर्गात या जागी नेहमी वाद होतो आणि मी होऊ देतो.

आणि १३३. टायबेरिअस ग्रॅकस गरिबांना सरकारी जमीन वाटायचा कायदा करतो, परत निवडणुकीला उभा राहतो, सिनेट खवळतं. कॉन्सल हात उचलायला नकार देतो तेव्हा नासिका सेरापिओ उठतो, रोमचा मुख्य धर्माधिकारी, टोग्याचा पदर डोक्यावर घेतो, ज्यांना राज्य वाचवायचंय त्यांनी माझ्यामागे या म्हणतो आणि कॅपिटोलवर चढतो. बाकांचे पाय आणि दांडके यांनी टायबेरिअस आणि त्याच्याबरोबरचे तीनशेच्या वर लोक मारले, प्रेतं नदीत टाकली. मावसभावाने मावसभावाला. कॉर्कुलमने जे सांगितलं होतं की धाक संपला की आपसात लढाल, ते त्याच्याच मुलाने खरं केलं, कार्थेज पडून तेरा वर्षं झाली होती.

एमिलिआनस तेव्हा स्पेनमध्ये नुमान्शियाच्या वेढ्यात होता, त्याच्या छावणीत धाकटा मेहुणा गायस ग्रॅकस पण होता. बातमी आली तेव्हा तो होमरची ओळ म्हणाला, असं करणाऱ्या प्रत्येकाचं असंच होवो. बायकोचा भाऊ, मारला गेलेला. परत आल्यावर लोकांना हे कळलं आणि ज्या जनतेने त्याला नियम मोडून कॉन्सल केलं होतं ती त्याच्यावर ओरडायला लागली. १२९ मध्ये एका रात्री दुसऱ्या दिवशीचं भाषण लिहायला पाटी उशाशी घेऊन झोपला आणि सकाळी मेलेला सापडला, अंगावर जखम नाही. संशय सेम्प्रोनियावर आला, सासू कॉर्नेलियावर पण आला, चौकशी झालीच नाही. कुणी मारलं याचा पुरावा नाही, पण एवढ्या मोठ्या माणसाच्या मृत्यूची चौकशी होऊ नये यातूनच त्या शहराची हालत कळते. सेरापिओला तर आधीच लोकांच्या रागापासून दूर म्हणून आशियात पाठवलं होतं, तो तिकडेच पर्गमममध्ये वारला.

पुढचं पटकन सांगतो. सुरुवातीचा तो पुतळेवाला मेटेलस स्किपिओ सेरापिओचा पणतू, मेटेलस घरात दत्तक गेलेला, पाँपीचा सासरा. ४६ मध्ये आफ्रिकेत थाप्ससला सीझरविरुद्ध तो सेनापती होता. आफ्रिकेत स्किपिओ हरत नाही अशी लोकांची समजूत होती, म्हणून सीझरने आपल्या छावणीत याच कुळातला कुणी एक अगदी मामुली स्किपिओ शोधून सोबत ठेवला होता. मेटेलस हरला, जहाजातून पळताना घेरला गेला, स्वतःला तलवार मारून घेतली, आणि सैनिक सेनापती कुठे असं विचारत आले तेव्हा म्हणाला, सेनापती ठीक आहे.

धाकट्या कॉर्नेलियाला मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण कागदावर वंशवृक्ष काढशील तेव्हा तिचं नाव मधोमध लिही, सगळ्या रेषा तिच्यापाशीच येतात. लिव्हीकडे कथा आहे की आफ्रिकानसने मेजवानीत परस्पर तिचं लग्न ठरवलं आणि एमिलिया चिडली की मुलगी माझी पण आहे, मला विचारायला हवं होतं. पॉलिबिअस मात्र म्हणतो की लग्न वडील गेल्यावर नातलगांनी ठरवलं, आणि तो त्या घरात वावरलेला माणूस, मी त्याचं मानतो. तिला बारा मुलं झाली, जगली तीन. नवरा गेल्यावर इजिप्तच्या टॉलेमी राजाने मागणी घातली, ती नाही म्हणाली आणि मुलांना ग्रीक शिक्षक ठेवून शिकवलं. टायबेरिअस १३३ मध्ये गेला, गायस १२१ मध्ये.

तिच्या पुतळ्याचा चौथरा १८७८ मध्ये रोममध्ये सापडला, कॅपिटोलाइन म्युझियममध्ये आहे. त्यावर कोरलंय, कॉर्नेलिया, आफ्रिकानसची मुलगी, ग्रॅकसांची. नवऱ्याचं नावच नाही. शेवटची वर्षं ती मिसेनमला समुद्राकाठी राहिली, घरी ग्रीक विद्वानांचा राबता, राजे भेटी पाठवायचे. लोक जमले की ती वडील कसे राहायचे, काय खायचे-ल्यायचे ते सांगायची, आणि मुलांबद्दल विचारलं तर त्यांनी काय केलं, कसे मेले, सगळं डोळ्यात पाणी न आणता सांगायची, जणू कुठल्या जुन्या काळातल्या माणसांची गोष्ट. काहींना वाटायचं वयाने आणि दुःखाने हिची समज गेलीय. प्लुटार्क लिहितो की समज त्या लोकांनाच नव्हती.